माझ्या कोपऱ्याची चौपट

सोमवार, ४

ही वही मला सुरक्षेच्या बाईंनी दिली. बाई आमच्याकडे नव्या आहेत. त्यांचं वय माझ्या नोकरीपेक्षा कमीच भरेल. आज त्यांनी आम्हा चौघांना गोदामात उभं करून ओझं कसं उचलायचं ते शिकवलं. पाय थोडे फाकवा, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, ओझं छातीशी धरा, वळायचं झालं तर कमरेतून वळू नका, पावलं फिरवा. एक रिकामं खोकं उचलून दाखवलंसुद्धा. एकतीस वर्षं मी लोकांची कपाटं, यंत्रं आणि पियानो उचलत आलो. गुरूची विद्या गुरूलाच. पण मुलगी मन लावून सांगत होती, म्हणून मीही मन लावून मान हलवली.

शेवटी म्हणाल्या, रोज काय उचललं, किती वजनाचं, किती जणांनी, आणि अंगात कुठे दुखलं का, ते लिहीत जा. वही एकट्या मलाच दिली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून असेल. ऑफिसला हवं तेवढं मी ऑफिसच्या नोंदवहीत लिहीन. ही मात्र घरी ठेवणार, कपड्यांच्या घडीखाली.

सुरुवात आहे तर टोळीचंही लिहून ठेवतो. मी वस्ताद. माझ्या मागे माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, वीस वर्षं माझ्याच दांड्यावर. शेजारच्या दांड्यावर पुढे लंबू आणि मागे गप्प्या. दोन लोखंडी दांडे, मधे पट्ट्यांची झोळी, झोळीत ओझं, चार टोकांना चार खांदे. नियम दोनच, माझ्या वस्तादांपासून चालत आलेले. जो उचलायची हाक देतो तो स्वतः ओझ्याखाली असतो. आणि एकदा उचललेलं मुक्कामाला पोचल्याशिवाय खाली टेकवायचं नाही. वाटेत ओझं टेकवणारी टोळी म्हणून आमच्याकडे बोट दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

बाईंनी विचारलं, वजन कशावर करता? मी खांद्यावर थाप मारली. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या कोपऱ्यावर जे येतं त्याची चौपट, हे एकूण वजन. चार-पाच किलो इकडेतिकडे. मग तेवढ्या वजनाला किती माणसं, किती पट्टे, हे मी ठरवतो.

कुठे दुखलं का: नाही. पाठ जरा भरते, पण ती हवेमुळे.

बुधवार, ६

लोखंडी कपाट, लॉरीतून ऑफिसच्या टोकापर्यंत, लांबलचक बोळ. माझ्या कोपऱ्यावर तीस, म्हणजे एकशेवीस. कपाटवाला म्हणत होता दीडशेच्या वर आहे. म्हटलं, दुकानदार काय वाटेल ते सांगतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हल्ली पत्राच पातळ निघतो.

वयाचं छप्पन्नावं संपत आलं तरी मला घाम नाही. मागे मेहुणा मात्र न्हाऊन निघाला होता. त्याला सांगितलं, जेवण आवर जरा. तो कान खाजवत हो म्हणाला. त्याला हल्ली पट्टे बांधायची भारी हौस आली आहे. मी हात लावायच्या आत बांधून मोकळा होतो. आज कपाट झोळीत थोडं तिरकं दिसत होतं, त्यावरून त्याला झापलं. बिचारा उलटून बोलत नाही.

शनिवार, ९

आज सुट्टी. संध्याकाळी फिरून आलो तर स्वयंपाकघरात ही आणि मेहुणा हळू आवाजात बोलत होते. मी आत गेल्यावर दोघं गप्प. त्याच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी शिजत असणार. मी विचारलं नाही. बहीणभावांत आपण कशाला पडा.

इथे खरं लिहायचं ठरवलं आहे तर एक लिहितो. तीन महिन्यांपूर्वी एका फ्रिजखालून बाहेर येताना माझ्या पाठीत अशी कळ आली की मी जिन्यातच बसलो. पाव तास उठता येईना. मेहुण्याशिवाय कोणी पाहिलं नाही. त्याला तिथल्या तिथे शपथ घातली, तुझ्या बहिणीला कळता कामा नये. त्याने शब्द पाळलेला दिसतो, कारण हिने आजपर्यंत एका अक्षराने विचारलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून सकाळी बूट तेवढे हीच घालून देते. मीच तिला सांगितलं, मला वाकायचा कंटाळा येतो. रोज अंघोळीआधी पाठीला तेलही लावते. बायकांना अशी सेवेची हौस असते.

आणि गंमत म्हणजे दुखणं आपोआप कमी होत चाललं आहे. कामावर तर जाणवतच नाही. अंगात मुरलेली ताकद अशी वाया जात नाही.

मंगळवार, १२

आज मोठं काम आलं. एका मूर्तिकार बाईंनी दगडाचं कासव घडवलं आहे. सत्तरीच्या आहेत, भुवयांतसुद्धा दगडाची पूड. लंबूने त्यांना लगेच दगडवाल्या आजी करून टाकलं. कासव मुलांच्या वाचनालयात, पहिल्या मजल्यावर बसवायचं आहे. मुलं पाठीवर बसून पुस्तकं वाचणार. चार वर्षं खपल्या त्या. मी पाठीवरून हात फिरवला. इतकं गुळगुळीत, की दगड आहे हे विसरायला होतं.

यंत्रावर वजनाची पट्टी असते, दगडावर कुठली? म्हणून जागेवरच उचलून पाहिलं. मेहुण्याने पट्टे बांधले, मी हाक दिली, चौघांनी उचललं. माझ्या कोपऱ्यावर पंचेचाळीस. म्हणजे एकशेऐंशी.

आजी म्हणाल्या, मला जास्त वाटतं हो, अख्खा दगड आणला तेव्हा तो फार जड होता. मी म्हटलं, घडवणं तुमचं, उचलणं आमचं. लंबू काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात मेहुण्याचा पाय त्याच्या पायावर पडला. ओझ्याजवळ पाऊल कुठे टाकतो हे बघायला नको का? दोघांनाही सुनावलं.

गुरुवार, १४

सुरक्षेच्या बाईंशी वाद. त्या वाचनालयाचा जिना बघून आल्या होत्या. चौदा पायऱ्या, मधे एक वळण. त्यांना सहा माणसं हवी, वळणावर टेकवायला लाकडी घोडा हवा, आणि आधी काट्यावर वजन हवं. मी म्हटलं चौघं पुरे. एकशेऐंशी भागिले चार, लहान मूलही सांगेल.

त्या म्हणाल्या, "काका, हे एकशेऐंशी काट्याने सांगितलं की तुमच्या खांद्याने?"

म्हटलं खांद्यानेच, आणि एकतीस वर्षांत तो चुकलेला नाही.  त्यांनी विचारलं, वही लिहिता ना? लिहितो म्हटलं. दुखलं का तेही लिहिता? म्हटलं, दुखत असतं तर लिहिलं असतं.  काम माझ्या जबाबदारीवर आहे, म्हणून वस्तादाचा शब्द राहिला. त्यांनी नोंदवहीत सगळं लिहून घेतलं.

संध्याकाळी गप्प्या घरी आला. बारा वर्षांत तो माझ्या घरी स्वतःहून आलेला मला आठवत नाही. चहा घेतला, भिंतीकडे बघत बसला, आणि उठताना म्हणाला, "सहा जण घेऊ." एवढंच. घाबरला असणार. त्याला दारापर्यंत सोडलं आणि धीर दिला.

रविवार, १७

दिवसभर दांडे पुसले, पट्ट्यांची शिवण तपासली. ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, "काम सोडा असं मी कधी म्हटलंय का? पण उद्या जिना आहे. सांभाळून."

हिला जिन्याचं कोणी सांगितलं कोण जाणे. मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही.

सोमवार, १८

जे झालं ते सगळं लिहितो.

वाचनालयात आजी होत्या, वाचनालयाच्या बाई होत्या, सुरक्षेच्या बाई होत्या, आणि दारात मुलांची रांग. एरवी जिना चढताना मी खालच्या बाजूला असतो, कारण चढावर वजन खाली धावतं आणि जड बाजू वस्तादाची. पण मेहुणा म्हणाला, वस्ताद, वरचं वळण तुमच्याशिवाय कोणाला साधणार, तुम्ही पुढे राहा. बोलणं पटलं. आवडलंही, खोटं कशाला लिहू.

जिना अरुंद, म्हणून पुढच्या दोघांनी तोंड खाली करून उलटं चढायचं. मी आणि लंबू वर, मेहुणा आणि गप्प्या खाली. हाक दिली. एक पायरी, दोन, तीन. माझ्या खांद्यावर काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण पिशवी टांगल्यासारखं. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या. चार. पाच.

वीस वर्षं मेहुणा माझ्या मागे चालतो आहे. ओझ्याखाली असताना त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. आज तो समोर होता. मानेच्या शिरा दोरीएवढ्या. ओठ पांढरे. डावा गुडघा थरथरत होता, आणि तो माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता.

मी आमच्या दांड्याकडे पाहिलं. पट्टा मधे नव्हता. चांगला दोन वीत त्याच्या बाजूला सरकवून, दोन गाठी मारून पक्का केलेला होता. चुकून सरकलेल्या पट्ट्याला कोणी गाठी मारत नाही.

त्या एका पायरीवर मला सगळं कळलं. पातळ पत्र्याचं कपाट, तिरकी झोळी, त्याचा घाम, लंबूच्या पायावरचा पाय, गप्प्याचं घरी येणं. तीन महिने मी माझ्या कोपऱ्याची चौपट करत होतो, आणि माझा कोपरा हे लोक रिकामा करत होते. आणि त्या खोट्या चौपटीवर मी सहाची चार माणसं केली होती. पुढे नऊ पायऱ्या आणि वळण होतं. तिथे मेहुण्याचा गुडघा गेला असता तर कासव त्याच्या छातीवर आलं असतं.

मी म्हटलं, "थांबा. उतरायचं. खाली ठेवायचं."

कोणाला खरं वाटेना. मलाही नाही.  मेहुणा धापा टाकत म्हणाला, "नको, भाऊजी. चढतो मी."

कामावर तो मला कधी भाऊजी म्हणत नाही. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर माझाच फुटला असता. म्हटलं, "ठेवायचं म्हणतोय मी. एकेक पायरी. पाठ सरळ. गुडघ्यातून."

पाच पायऱ्या आम्ही उतरलो, मुलांच्या रांगेसमोर, आणि कासव परत जमिनीवर टेकवलं. मेहुण्याची मूठ दांड्यावरून सुटेना. मी एकेक बोट सोडवून दिलं. मग सुरक्षेच्या बाईंकडे गेलो आणि म्हटलं, मॅडम, काटा मागवा. त्यांनी तो सकाळीच आणून मागच्या दाराशी ठेवला होता.

दोनशे बासष्ट किलो.

मी मेहुण्याचा वाटा काढून पाहिला. सपाट जमिनीवर शहाऐंशी, चढावर किती ते देव जाणे. पुढे लिहिवत नाही.

मंगळवार, १९

कामावर गेलो नाही. मेहुणा सकाळीच आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. मी त्याला खूप बोललो. आपल्या बायकामुलांचा विचार केलास का, मला काय लुळापांगळा समजलास, असं बरंच. तो कान खाजवत उभा. मग ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, त्याला कशाला बोलता, मीच सांगितलं होतं.

म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणे, तुम्ही शपथ घातलीत त्याच संध्याकाळी. माझा भाऊ खोटं बोलताना कान खाजवतो, तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून. आणि तुम्ही, ताकाला जाऊन भांडं लपवता. बूट घालायचा कंटाळा येतो म्हणे.

मी विचारलं, मग मला सरळ का नाही विचारलंस?

"विचारलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दोन कोपरे उचलले असते."

 मेहुण्याला आत बोलावलं. बसताना तो उजवा हात मांडीवर धरून बसला. मी तेलाची बाटली आणली आणि त्याच्या खांद्याला लावून दिलं. खांद्यावर दांड्याचा वळ होता, काळानिळा, माझ्या चार बोटांएवढा रुंद. तो नको नको म्हणत होता.  मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटत होता.

त्याला एकच सांगितलं. माझ्यावर माया कर, पण ओझ्याशी खोटं बोलू नकोस. चौघांपैकी एकाने ते केलं की चौघांचा हिशोब चुकतो. चूक माझ्यापासून सुरू झाली हेही सांगितलं.

बुधवार, २०

डॉक्टरकडे गेलो. मणका सरकला आहे. सहा आठवडे काहीही उचलायचं नाही, पुढचं पुढे बघू. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, हे त्यांनी मला सांगितलं. मी त्यांना कासवाचं सांगितलं.

नंतर ऑफिसात जाऊन बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि खरं ते सगळं सांगितलं. वाटलं होतं आता गोदामात यादी करायला बसवतील. त्या म्हणाल्या, शुक्रवारी सहा माणसं देते, घोडा देते, पण हाक कोण देणार? मी म्हटलं लंबू देईल. "काका, त्याला पायऱ्या मोजता येतात. तुम्हाला जिना वाचता येतो."

म्हटलं, आमच्यात हाक देणारा ओझ्याखाली असतो. त्यांनी विचारलं, म्हणजे त्याला बाकीच्यांचे चेहरे दिसतात का?

घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. माझ्या वस्तादांना कोणी हा प्रश्न विचारला नसावा.

शुक्रवार, २२

सकाळी जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो, रिकाम्या हातांनी. हातांचं काय करायचं ते कळेना. खिशात घातले तर मालक झाल्यासारखं वाटलं, मागे बांधले तर वर्गाबाहेर उभं केल्यासारखं. शेवटी कठड्यावर ठेवले. खालून मुलांची रांग बघत होती. सोमवारची तीच. एक मुलगी मोठ्याने म्हणाली, आज तरी चढणार का हे?

दुसऱ्या टोळीचे दोघं आले होते, आमचे तिघं, आणि सहावा लॉरीचा चालक. पट्टे मी स्वतः तपासले, वितीने मोजून. मेहुण्याला मधे घेतला, उजवा खांदा मोकळा ठेवून. सगळ्यांना सांगितलं, ज्याला जड होईल त्याने बोलायचं. बोलणारा कमजोर नाही. न बोलणारा आपल्याला जिन्यावरून पाडेल.

मग हाक दिली. एकतीस वर्षं मी ओझ्याखालून, दात आवळून हाक दिली. आज छातीभर श्वास घेऊन दिली आणि तिचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमला. सहा पावलं एकदम उचलली गेली. मला सगळं दिसत होतं. लंबू उंच म्हणून त्याच्या बाजूला ओझं झुकतं, हे बारा वर्षांत आज कळलं. त्याला गुडघ्यात बस म्हटलं, कासव पाण्यावरल्यासारखं सरळ झालं. चौथ्या पायरीवर गप्प्या म्हणाला, "जड." मी थांबवलं, पट्टा चार बोटं सरकवला, पुढे निघालो. वळणावर घोडा लावला आणि ओझं टेकवलं. वाटेत. सगळ्यांसमोर. सहा जणांनी घाम पुसला, सगळे पाणी प्यायले, लंबूने एक पाचकळ विनोदही केला. आभाळ काही कोसळलं नाही.

मग उरलेल्या पायऱ्या. मी त्यांच्यापुढे एकेक पायरी उलटा चढत होतो आणि प्रत्येकाचा चेहरा वाचत होतो. मेहुण्याचा चेहरा तीनदा वाचला. तो लाल होता, पांढरा नव्हता.

कासव खिडकीजवळ बसलं. आजींनी त्याच्या पाठीवरची धूळ पदराने पुसली, आणि माझा हात धरून म्हणाल्या, सोमवारी तुम्ही ते खाली ठेवलंत तेव्हाच मी निर्धास्त झाले. तोवर मुलं पाठीवर चढलीसुद्धा. एकावेळी सात मावतात. मी मोजली.

खाली येऊन नोंदवही भरली. काय: दगडी कासव. वजन: २६२ किलो, काट्याने. वाटेत टेकवलं: एकदा. दुखलं का: वस्तादाला तीन महिन्यांपासून, आधी लिहिलं नव्हतं. किती जणांनी उचललं, तिथे सहा लिहिलं. मेहुण्याने वही ओढून घेतली, सहा खोडलं आणि सात लिहिलं. मी म्हटलं, खोटं लिहू नकोस, मी बोटसुद्धा लावलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. कान खाजवला नाही.

सोमवार, २५

आजपासून दर सोमवारी सगळ्या टोळ्यांना उचलणं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. बाई खोकं धरतात, मी बोलतो. पहिल्याच दिवशी एकोणीस माणसं होती. नव्या दोन टोळ्यांतली माणसं आपापसांत हसत होती. मी त्यांना माझ्या कोपऱ्याची चौपट सांगितली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही गाठ न लपवता. हसणं थांबलं. नंतर एक जण हळूच येऊन म्हणाला, माझीही पाठ दुखते. त्याला घेऊन सरळ बाईंच्या टेबलापाशी गेलो.

हे झालं कामावरचं. पण आज सकाळचं लिहायचं राहिलं. ही बूट घेऊन आली, खाली बसली आणि नाड्या बांधू लागली. मी तिला म्हटलं, अगं, माझी पाठ फार दुखते, मला वाकता येत नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हे मोठ्याने बोललो.

तिने दुसऱ्या बुटाची नाडी ओढून गाठ मारली. म्हणाली, "हो का? मला वाटलं कंटाळा येतो."